खंडेनवमीचा फ्लेक्स

ये, इकडे जवळ बस. दारात उभी राहून काय ताटकळतेस परक्यासारखी? बहिणीची पोर तू, म्हणून घरात सांगते. नाहीतर परवाच्या हळदीत सगळ्यांसमोर कान धरणार होते तुझा. ‘सफाईवालीनं झेंडूच्या माळा घातल्या आणि एआय बंद पाडलं!’ काय खिदळत होतीस गं! अगं, तो मशीनांचा हॉल माझ्या ताब्यात होता. आता ऐक, आणि मध्ये बोलू नकोस.

मी काही कॉलेजात शिकलेली नाही. दिंडोरीकडच्या द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजात थंडावा राखायला शिकले. पेटीला हवा मिळाली नाही की माल गेला, एवढंच तिथलं शास्त्र. तेच घेऊन सिन्नर रोडच्या डेटा सेंटरमध्ये आले. वीज, जनरेटर, हॉल गार ठेवणारे चिलर सगळं माझ्याकडे. पुढे एआयची मशीनं आली आणि नुसती भट्टी पेटली. जुनी मशीनं गरीब गाय होती म्हण. ह्या नव्या मशीनांच्या कपाटांना समोरच्या जाळीच्या दारातून सारखी थंड हवा ओढायला लागते, मागून गरम फेकतात. ती जाळी म्हणजे त्यांचं नाक. नाक दाबलं की संपलं.

आपल्या नाशकात खंडेनवमीला यंत्र पुजल्याशिवाय कुठल्या कारखान्याला चैन पडतं? आम्ही दरवर्षी बाहेर, जनरेटरपाशी नारळ फोडायचो. त्या वर्षी मोठ्या साहेबांना नव्या हॉलमध्ये पूजा हवी होती. फोटोसाठी, दुसरं काय! मी बजावलं, “साहेब, आत उदबत्ती नाही, कापूर नाही. धुराची घंटा वाजेल.”

“काकू, नुसती फुलं हो!”

बरं म्हटलं. सफाईला पेठकडची एक बाई होती, हाताची फार नेटकी. तिला सांगितलं, दाराच्या वरच्या कडेला एकेक माळ लाव, जाळी मोकळी ठेव. तिनं तस्संच केलं. मी डोळ्यांनी बघितलं आणि मग बाहेरच्या पूजेच्या तयारीला गेले.

माझी पाठ वळते ना वळते, साहेबांचा माणूस फ्लेक्स घेऊन आत. हो, फ्लेक्सच! चौकात वाढदिवसाचे लागतात तसला. एका बाजूला देवी, दुसऱ्या बाजूला साहेब, आणि साहेब देवीपेक्षा मोठे! कपाटांच्या अख्ख्या ओळीसमोर आडवा ताणून बांधला. आतल्या पंख्यांनी तो असा ओढून घेतला की जाळीला चिकटूनच बसला. फोटो निघाले, पेढे वाटले, मंडळी बाहेर.

थोड्या वेळानं माझा फोन कोकलायला लागला. धावत आत गेले तर पंखे किंचाळताहेत. फ्लेक्स ओरबाडून काढला, पण उशीर झाला होता. मशीनं तापून आपली आपण बंद पडली होती. मुंबईच्या एका गिऱ्हाइकाचं कितीतरी दिवस चाललेलं काम मध्येच तुटलं. जिथपर्यंत साठवलं होतं तिथून पुन्हा सुरू करा!

संध्याकाळी मीटिंग. गिऱ्हाईक फोनवर. साहेब शांतपणे म्हणाले, “हाउसकीपिंगकडून फुलांचा जरा अतिरेक झाला.” आणि फ्लेक्स? तो तोवर घडी होऊन गाडीच्या डिकीत गेलेला! मला राहवेना. म्हटलं, “साहेब, फुलांमधून हवा जात होती. तुमच्या तोंडातून जात नव्हती.”

पलीकडून गिऱ्हाइकानं विचारलं, “कोण बोलतंय?” साहेबांनी आवाज बंद केला. फोनचा, माझा नव्हे.

पण उपयोग काय? सफाईच्या ठेकेदारानं त्या बाईला गेटवरच सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस. ती माझ्याकडे आली. रडली नाही गं, नुसतं विचारलं, “ताई, माझं चुकलं काय, तेवढं सांगा. माळ खाली नाय येऊ दिली मी.” मी ऑफिसात भांडले, ठेकेदाराशी भांडले. मला हात लावायची त्यांची छाती नव्हती, चिलर कोण बघणार? म्हणून गरिबाची मान मोडली. अजून आठवलं की डोकं फिरतं माझं.

आणि पुढचं ऐक. अंबडच्या कारखान्यात जाऊ दे की गोंद्याच्या, तिला कामाला ठेवायच्या आधी कुणीतरी हसतंच, “फुलंवाली ती तूच का?” की झालं. साहेबांनी खोटं एकदाच सांगितलं. गावभर नेलं ते तुम्ही, हळदीत हसणाऱ्यांनी.

रडू नकोस. रडून तिला काम मिळत नाही. तुमच्या कंपनीचा नवा हॉल उभा राहतोय आणि सफाईची माणसं तूच घेणार, असं तुझी आई कौतुकानं सांगत होती. मग ह्या रविवारी ये माझ्याकडे. तिलाही बोलावते. नागलीची भाकरी करू, ठेचा करू, तू तिच्या शेजारी बसून जेव आणि कामाचं तुझ्या तोंडानं विचार. पुढच्या महिन्यात बघू म्हणशील तर खपवून घेणार नाही. ह्याच रविवारी ये.