खंडेनवमीला बंद केलेला प्रोग्राम

शेंद्र्याच्या कारखान्यात मी खोकी भरायच्या खात्यात होते. चौथी शिकलेली, ठेकेदाराच्या हजेरीवरची बाई. त्या दिवसाला काही वर्षं झाली. राग गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

आधी आम्ही खोकी भरायचो, कारकून वहीत लिहायचा आणि संध्याकाळी कॉम्प्युटरात चढवायचा. मग हातात धरायची बंदूक आली. खोक्यावरच्या काळ्या रेघांवर लाल उजेड मारला की ती टूं करते आणि शेजारच्या प्रिंटरमधून त्या खोक्याची चिठ्ठी निघते. चिठ्ठी डकवली की खोकं गाडीत.

प्रोग्राम लिहिणारी मुलगी देवगाव रंगारीची. तिनंच मला शिकवलं. "मावशी, आत एक प्रोग्राम नुसता वाट बघत बसलेला असतो. तुम्ही बंदूक मारली की निरोप रांगेत जातो. हा उठतो, चिठ्ठी छापतो, परत बसतो."

"म्हणजे तो दर घडीला विचारायला येत नाय?"

"नाय. काही घडलं तरच उठतो."

मला पटलं. शहाण्या माणसानं असंच असावं.

खंडेनवमीला कारखान्यात हत्यारांची पूजा झाली. मी बंदुकीला हळदकुंकू लावलं. साहेबांनी कॉम्प्युटरला झेंडूची माळ घातली आणि म्हणाले, आज यंत्रांनाही विश्रांती. काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत चालू प्रोग्रामांची यादी होती, तिच्यातलं एकेक त्यांनी स्वतःच्या हातानं बंद केलं. मी शेजारीच ताट धरून उभी होते.

दसऱ्याची सुट्टी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बंदूक मारायला लागले. टूं होतंय, चिठ्ठी निघत नाही. खोक्यांची थप्पी लागली, गाडी ताटकळली. साहेब आले. त्यांनी पडदा बघितला, पडदा चालू. प्रिंटर बघितला, तोही चालू. मग माझ्याकडं बघितलं.

मी सरळ सांगितलं, "साहेब, परवा तुम्ही ते बंद केलं होतं. परत चालू केलं का?"

"बाई, तुम्ही कितवी शिकलात?"

सगळं खातं हसलं. माझ्याबरोबर रोज भाकरी खाणाऱ्याही हसल्या. साहेबांनी हुकूम दिला, सगळी खोकी परत मारा, नीट धरून. मी परत मारली. परत काही नाही. तेव्हा त्यांनी बंदूक काढून घेतली, मला झाडू दिला आणि ठेकेदाराला फोन केला की उद्यापासून ही बाई नको. कागद टाईप होऊन आला. साहेबांनी शाईचा पॅड माझ्यापुढं सरकवला. अंगठ्यासाठी.

मी कागद उचलून वाचला. लिहिलं होतं, यंत्र वापरता येत नाही, कामात हलगर्जी. मी म्हटलं, मला सही येते, पण खोट्याखाली करत नाही. कागद टेबलावर ठेवला आणि झाडायला लागले.

दुपारी ती मुलगी गावाहून आली, दसऱ्याला गेली होती. तिनं पडदा बघितला आणि विचारलं, वाट बघणारा प्रोग्राम कोणी बंद केला? साहेब म्हणाले, आज कॉम्प्युटर तर चालू आहे. ती म्हणाली, कॉम्प्युटर चालू असला म्हणून तो आपोआप उठत नाही, उठवावा लागतो. तिनं उठवला.

प्रिंटर धावायला लागला. सकाळपासूनच्या चिठ्ठ्या, पहिल्या खोक्यापासून ओळीनं, प्रत्येकीवर वेळ छापलेली. निरोप सगळे रांगेत पडून होते, ऐकणारा नव्हता. पुढं साहेबांच्या हुकुमानं परत मारलेल्या, त्याच खोक्यांच्या त्याच चिठ्ठ्या. जमिनीवर ढीग झाला. आता कोणी हसलं नाही.

साहेब म्हणाले, "झालं ना सुरळीत? चला, कामाला लागा." ठेकेदाराला फोन करून म्हणाले, राहू द्या, सिस्टीमचा प्रॉब्लेम होता.

सिस्टीमचा. हात यांचा, नाव सिस्टीमचं.

मी झाडू ठेवला. टेबलावरचा तो कागद घेतला, मुलीकडून पेन मागितला आणि टाईप केलेल्या मजकुराखाली लिहिलं: बंदूक मी मारली होती. प्रोग्राम साहेबांनी बंद केला होता. खाली पूर्ण सही केली आणि कागद त्यांच्यापुढं सरकवला, शाईच्या पॅडसकट.

"आता तुमची करा. सही नसल येत तर अंगठा द्या."

त्यांनी कागद घडी करून खिशात घातला. पुढल्या खंडेनवमीला कॉम्प्युटरला माळ पडली, बंद मात्र कोणी काही केलं नाही. साहेबांनी हळदकुंकवाचं ताट माझ्यापुढं धरलं. मी म्हटलं, आधी तो कागद सही करून आणा.

ताट त्यांच्याच हातात राहिलं.