केबलच्या जहाजाचं तिकीट

बाबा गेल्याचं परदेशातल्या दादाला फोनवर लगेच कळलं. त्यानं त्याआधी बाबांच्या नावानं टाकलेलं पत्र मात्र तेरावं उरकल्यावर आलं. तिकिटावर समुद्रात टेलिफोनची केबल सोडणारं जहाज होतं. बाबा तिकिटं जमवायचे. ते करायचे तसाच मी पाकिटाचा कोपरा कापून वाटीतल्या पाण्यात टाकला. हळूहळू तिकीट सुटलं आणि पालथं तरंगू लागलं. मी नुसती बघत बसले. रडू काही आलं नाही.

तेवढ्यात दादाचा फोन आला. पत्र आल्याचं मी त्याला सांगितलं.

“तिकीट आवडलं असतं ना गं बाबांना?”

“हो.”

फोन ठेवून मी तिकीट वर्तमानपत्रावर वाळत घातलं. ही केबल समुद्रात टाकलीच नसती, तर दादापुरते बाबा अजून थोडे दिवस जगले असते.