भिशीतली नवी मेंबर

स्टीलच्या वाटीत चिठ्ठ्या पडल्या की आमच्या भिशीतली बडबड आपोआप थांबते. परवा वाटीत एक चिठ्ठी जास्त होती. ती नदीच्या नावाची होती.

आम्ही चौघी दर रविवारी नदीचं पाणी तपासतो. तपासणीचं औषध संपत आलं होतं आणि कंपन्यांकडे मदतीसाठी केलेले अर्ज 'संस्था नोंदणीकृत नाही' म्हणून परत आले होते. शेवटी मी भिशीत विषय काढला.

"नदीचा हप्ता भरणार कोण?" सुलभाताईंनी विचारलं. त्यांना मिक्सर घ्यायचा होता.

"जिच्या घरी भिशी, तिने. वडे करायचे नाहीत, नुसता चहा द्यायचा."

"म्हणजे नदीपायी आम्हाला उपास," असं म्हणत त्यांनीच चिठ्ठी उचलली. नदीचीच निघाली. सगळ्या इतक्या हसल्या की चहा गार झाला.

पैसे मागायला आपण उगाच लांब जातो. तिथे नदी समजावून सांगावी लागते. इथे प्रत्येकीने तिच्यात कधी ना कधी पाय बुडवलेले असतात.

रविवारी सुलभाताई पहिल्यांदाच काठावर आल्या. बाटलीतल्या पाण्याचा रंग बदलेपर्यंत वाकून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "काय गं, आपल्या मेंबरची तब्येत कशी आहे?"