मामांच्या दोन गाड्या

भाव ठरवायची वेळ आली की पाटोद्याचे मामा खांद्यावरचं उपरणं समोरच्याच्या हातावर टाकत आणि त्याखाली बोटं दाबून आकडा सांगत. "तोंडानं बोलणारा फसतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यांचा जन्म बैलबाजाराच्या दलालीत गेला, माझा जुन्या गाड्यांच्या. गाड्यांतलं मला जास्त कळतं असं मी तेव्हा समजत होतो, आजही समजतो.

त्यांच्या दारात दोन गाड्या होत्या. एक पांढरी अँबेसिडर, साहेब आणि पुढारी असल्याच गाडीतून फिरायचे त्या जमान्यातली. दुसरी बरीच अलीकडची, पण आता तीही जुनीच, लाल मारुती.

मामा त्यांना जनावरासारखं पारखत. अँबेसिडरच्या बोनेटवर थाप मारून म्हणायचे, "ही म्हैस. खाती लई, पर बसली की कशी पसरून बसती!" मारुतीकडं नुसती मान उडवायचे. "ही शेळी. कुठूनबी निघती. पर शेळीवर कुणाला निजवता येतंय का?"

दोन्हींतली एक विकायची होती. शिरूरच्या एका पुढाऱ्याला पोराच्या वरातीसाठी पांढरी अँबेसिडर हवी होती आणि मी शब्द देऊन बसलो होतो. आवडलेल्या वस्तूला आधी नावं ठेवायची, हे तुम्हाला काय सांगायचं? गाडीभोवती फिरत मी सुरू केलं, "मामा, पत्रा गेलाय. पार्ट मिळत न्हाईत. मांजरसुंब्याच्या घाटात तापून उभी राहील. कोण घेणार ही?"

मामांनी सगळं ऐकून घेतलं. उपरणं खांद्यावरून हललं नाही. "खरं हाय शेट. मग असली गाडी तुमच्या गळ्यात कशाला मारू? तुमी मारुती न्या."

मी भडकलो. वाट्टेल ते बोललो आणि निघून आलो. मारुती दुसऱ्याच दलालानं नेली. पुढारी पुन्हा माझ्या दारात आला नाही.

खरं कारण मला नंतर कळलं. मामींच्या मणक्याचं दुखणं होतं, त्यांना बसवत नव्हतं. मामा त्यांना दर महिन्याला मागच्या सीटवर आडवं करून बीडच्या दवाखान्यात नेत. हे मला सरळ सांगता आलं असतं. पण तोंडानं सांगतील ते मामा कसले! माझा राग काही गेला नाही.

गेल्या वर्षी मामा वारले. दिवस उरकल्यावर मी गेलो. मामी ओट्यावर आडव्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा एकही खोड न काढता मी अँबेसिडरचा पुरा भाव बोललो.

"आन मी दवाखान्यात कशात जाऊ?"

"पण मामी, चालवणार कोण? पोरं तर पुण्याला."

मामींनी माझ्याकडं नीट पाहिलं. "तुमाला येती न्हवं चालवायला?"

तेव्हापासून मीच नेतो.

परवा दवाखान्याच्या फाटकात गाडी थांबवली, तोच वॉचमन ओरडला, "ए ड्रायव्हर, ते डबडं बाजूला घे बे!"

मला ड्रायव्हर म्हणाला, ते एक वेळ ऐकून घेतलं असतं. पण डबडं? मी दार आपटून खाली उतरलो आणि बाह्या सरसावत त्याच्याकडं निघालो.

मागच्या सीटवरून आवाज आला, "शेट, भांडण मागून करा. आधी मला उतरवा."