बाझलकाकांचं गाव

बाझलकाकांच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ एक तास पुढे असायचं. इथे अमेरिकेत हर्नडनमध्ये चार वाजले की त्यांच्या दिवाणखान्यात पाच. नवा पाहुणा दचकून उठायला लागला की काकू आतून म्हणायच्या, "बसा हो, ते इथलं घड्याळ नाही." मग काका खुर्ची पुढे ओढून सांगायला लागायचे. स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात शेकडो वर्षं घड्याळं शेजारच्या गावांपेक्षा तासभर पुढे चालत. म्हणे शत्रू बाराच्या ठोक्याला हल्ला करणार होता, पहारेकऱ्याला सुगावा लागला, त्याने बाराऐवजी एकदम एकाचा ठोका दिला, आणि गावातल्या फितुरांना वाटलं आपली वेळ टळली. "खरं असेल का हो काका?" असं कोणी विचारलं की म्हणायचे, "गोष्ट खोटी असेल. घड्याळ मात्र खरंच पुढे होतं."

मूळचे ते नागपूरकडच्या खेड्यातले. रंगांच्या रसायनशास्त्रात शिकले, तरुणपणी बाझलमधल्या एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत लागले आणि वीसेक वर्षं तिथे राहिले. पुढे प्रशांतने, म्हणजे त्यांच्या मुलाने, आईवडिलांना अमेरिकेत आणलं. इथल्या मराठी मंडळाच्या पहिल्याच पॉटलकला, म्हणजे घरोघरचे डबे आणून केलेल्या जेवणाला, एका गृहस्थांनी त्यांना आडनाव विचारलं. आडनावावरून अंदाज नीटसा जमला नाही म्हणून मूळ गाव विचारलं. ही चौकशी कुठे जाऊन पोचते ते आपल्याकडच्या कोणालाही समजावून सांगायची गरज नाही. काका पुरणपोळीचा तुकडा मोडत शांतपणे म्हणाले, "बाझल." ते गृहस्थ ताट घेऊन दुसऱ्या टेबलाकडे वळले. त्या दिवसापासून ते सगळ्यांचे बाझलकाका झाले.

आम्ही दहाबारा बौद्ध कुटुंबं दर रविवारी प्रशांतच्या बेसमेंटमध्ये जमायचो. आधी बुद्धवंदना, मग जेवण, मग मुलांचा वर्ग. वर्ग काका घेत आणि तिथे बाझलचा इतिहास शिकवत. एका रविवारी रोमन, पुढच्या रविवारी बिशप. आईबापांची कुरकुर होती, की मुलांना निदान आपला इतिहास तरी सांगा. मी एकदा तसं बोलले. काका म्हणाले, "आपला सांगताना माझा आवाज चढतो. मग मुलं इतिहास ऐकत नाहीत, नुसता माझा राग ऐकतात. परक्या गावाचा नीट सांगता येतो." काकूंचं मत वेगळं होतं. "माझी सवत आहे ती," त्या म्हणायच्या, "ऱ्हाइन नदीच्या काठी बसून आहे. वीस वर्षं मी तिच्याच घरी राहिले बाई, काय सांगू."

त्यांची शिकवायची पद्धत स्वयंपाकघरातून सुरू होई. भूकंप शिकवायचा तर काकूंचे स्टीलचे डबे एकावर एक रचायचे, टेबलाला धक्का द्यायचा, आणि कुठला डबा का पडला ते मुलांकडून वदवून घ्यायचं. उद्योगधंदे शिकवायचे तर काकूंची लाल रिबीन. फ्रान्समधून धर्मापायी पळालेले लोक बाझलला आले, त्यांनी रेशमी फिती विणल्या. फितींना रंग हवा म्हणून रंगारी आले, रंगातून कारखाने निघाले, त्यातून पुढे औषधं. "आणि रंगातून मी," असं म्हणून ते रिबीन काकूंना परत देत. माझी यशू घरी येऊन म्हणाली, "Aai, so basically everybody there came from somewhere else?" मी म्हटलं, बहुतेक तसंच असावं.

आमच्यावर वेळ आली तेव्हाही ते बाझलच घेऊन आले. पहिल्या मंदीत माझ्या नवऱ्याची नोकरी गेली. व्हिसा नोकरीवर टांगलेला, त्यामुळे घरात सामान बांधायच्या गोष्टी सुरू झाल्या. येणारा प्रत्येक जण धीर देऊन जात होता आणि आम्ही जास्तच घाबरत होतो. काकांनी धीर वगैरे दिला नाही. त्यांनी बाझलच्या होडीची गोष्ट सांगितली. तिला इंजिन नाही, शीड नाही. काठापासून काठापर्यंत वर एक जाड तार बांधलेली, होडी तिला दोरीने अडकवलेली. नावाडी फक्त होडी तिरपी धरतो, आणि जो प्रवाह तिला वाहून न्यायचा तोच तिला पलीकडे पोचवतो. "तू फक्त तिरपा उभा राहा," ते नवऱ्याला म्हणाले. त्याचा अर्थ काय ते मला आजही धड सांगता येणार नाही, पण त्या रात्री नवरा झोपला. पुढे जवळच अ‍ॅशबर्नला त्याला काम मिळालं आणि बांधायला काढलेल्या बॅगा परत माळ्यावर गेल्या.

काका कुठेही स्वतःच्या घड्याळानेच जात, म्हणजे तासभर आधी. मंडळाच्या कार्यक्रमाला हॉल उघडायला मीनलताई येत तेव्हा काका दाराशी उभे असायचे. मग दोघं मिळून खुर्च्या लावत. मीनलताई मंडळाच्या कार्यवाह. पुण्याच्या, कामाला वाघ, बोलायला फटकळ. खुर्च्या लावता लावता त्यांनी अर्धं बाझल ऐकलं आणि एका वर्षी ठरवून टाकलं, की दिवाळीच्या कार्यक्रमात काकांचं भाषण ठेवायचं, स्लाइड्ससकट.

काका किती हरखले होते ते मी पाहिलं आहे. बाझलमध्ये बाझलचा इतिहास त्यांना कोण विचारणार, आणि मराठीत तो सभेपुढे सांगायची संधी आयुष्यात पहिल्यांदा येत होती. काकूंनी जुना गडद कोट इस्त्री करून दाराला टांगून ठेवला. काका भाजी निवडतानाही पुटपुटत बसायचे.

आणि मग मीनलताईंचा फोन आला. काकांनी तो स्पीकरवर टाकला, म्हणून मीही ऐकला.

"काका, कमिटीचं एक म्हणणं आहे. ते ज्यूंना जाळल्याचं तेवढं स्किप करता येईल का? फॅमिली ऑडियन्स आहे, दिवाळी आहे. आणि विहिरींचं वगैरे ऐकून कोणी उगाच दुसरा अर्थ काढायचा."

"दुसरा अर्थ कोणता?" काकांनी अगदी साधेपणाने विचारलं.

मीनलताई म्हणाल्या, तसाही वेळ पंचेचाळीस मिनिटांचाच आहे.

"दोन हजार वर्षं पंचेचाळीस मिनिटांत बसवतो," काका म्हणाले. "पण ते एक साल काढलं तर उरतं ते बाझल नव्हे, बाझलच्या फोटोंचं कॅलेंडर. भाषण राहू द्या. खुर्च्या लावायला येतो मी."

आणि ते खरंच गेले. खुर्च्या लावल्या, भाषणाच्या जागी ठेवलेल्या अंताक्षरीला टाळ्या वाजवल्या, फराळ करून घरी आले. कोट दारालाच टांगलेला होता. काकूंनी तो घडी घालून ठेवताना काकांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. मला फार वाईट वाटलं. त्यांना राग आला असता तर बरं, असं वाटलं.

पुढच्या रविवारी बेसमेंटच्या जिन्यावरून मीनलताई खाली आल्या. कोणी बोलावलं नव्हतं. मुलांच्या मागे सतरंजीवर बसल्या आणि म्हणाल्या, "काका, मला ते साल ऐकायचंय." काकांनी सांगितलं. त्या ऐकून गेल्या, आणि कमिटीत त्या वर्षभर काय आणि किती भांडल्या ते आम्हाला नंतर उडत उडत कळलं. पुढच्या दिवाळीच्या पत्रिकेत काकांचं भाषण होतं, अट न घालता. बरं झालं ते तेव्हाच झालं. त्यानंतरच्या उन्हाळ्यात प्रशांतची नोकरी देशाच्या दुसऱ्या टोकाला, बॉथेलला गेली, काका-काकूही गेले, आणि पानं गळायच्या आत तिथे काका वारले. हृदयाचा झटका, दुपारच्या झोपेत. आज त्यांची आठवण निघाली की मला ते भाषणातलेच दिसतात.

शाळेचा हॉल भरला होता. कोट त्यांना थोडा सैल झाला होता. रोमन झाले, पूल झाला, आणि काका त्या सालाशी आले. "तेराशे एकोणपन्नास. युरोपात प्लेग पसरत होता. बाझलमध्ये तो अजून आला नव्हता. पण लोक म्हणाले, ज्यूंनी विहिरींत विष कालवलं. म्हणून नदीतल्या बेटावर एक लाकडी घर बांधलं, त्यांना आत कोंडलं आणि पेटवून दिलं. प्लेग नंतर आलाच." एवढंच सांगून त्यांनी स्लाइडचा रिमोट उचलला.

पुढच्या रांगेतल्या एका तरुणाने हात वर केला. "सॉरी काका, मध्येच विचारतो. अशा गावात तुम्ही वीस वर्षं राहिलात कसे? मूव्ह का नाही केलं?"

"जायला तयार होतो," काका म्हणाले. "पाण्यावरून ज्याने कोणाला छळलं नाही, असं एक गाव सांगा. उद्या सामान बांधतो."

मागच्या रांगा आमच्या होत्या, तिथले सगळे पुढे वाकून बघायला लागले. मग मधल्या रांगेतून एक म्हाताऱ्या बाई उठल्या. नऊवारी, वर लेकाचं जाड जॅकेट. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या असाव्यात. मुलगा शेजारून त्यांचा हात ओढत होता, तो त्यांनी सोडवून घेतला.

"आमच्या गावात दोन पाणवठे होते," त्या म्हणाल्या. "मी वरच्या पाणवठ्यावरची."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"बसा ताई," ते म्हणाले. "मी खालच्यावरचा." आणि त्यांनी पुढची स्लाइड लावली. ती भूकंपाची होती.