पार्लरवालीची दुपार

गल्लीत कुजबुज अशी होती, की पार्लरवाली दुपारी दोन ते तीन शटर ओढून घेते आणि मागच्या खोलीत कुणा पुरुषाचे लाड पुरवते. एका बाईने तर शटरला कान लावून ऐकलं होतं: "जरा थांबा, एवढा एकच केस राहिलाय." तेवढ्यावर गल्लीचा महिना मजेत गेला.

मागच्या खोलीत तिचे सासरे राहत. जन्म बसमध्ये कंडक्टरकीत गेला. आता खाऱ्या पाण्याची काचेची टाकी, आतलं प्रवाळ आणि चार मासे, एवढाच त्यांचा संसार. पाणी, मीठ, दिवे सुनेकडे. खाणं घालायचं काम मात्र त्यांचं. त्यात कोणी लुडबुड करायची नाही.

यंदा टाकीत हिरवं शेवाळ माजलं. केसांसारखं लांब, दगडांवरून थेट प्रवाळावर चढलेलं. खालचं प्रवाळ मरायला टेकलं. तिने दिव्याचे तास कमी केले, पाणी बदललं, शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी सोडल्या. गोगलगायींनीही हात टेकले. माशांच्या दुकानदाराने शेवटी विचारलं, की खायला कोण घालतं? उरलेलं अन्न कुजतं आणि शेवाळ त्यावरच पोसतं, म्हणाला.

मग तिने सासऱ्यांवर पाळत ठेवली. त्यांनी चिमूटभर दाणे टाकले आणि मासे मोजले. तीनच. चौथा लाजरा, कपारीत बसलेला. सासऱ्यांनी काचेवर टकटक केलं. "मागे कोणी राहिलं का?" आणि दुसरी चिमूट. चौथा बाहेर येईपर्यंत दुसरा कोणी कपारीत शिरलेला. म्हणजे पुन्हा तीनच. अशा पाच चिमटी झाल्या. ज्याने उभ्या नोकरीत एक प्रवासी बिनतिकिटाचा जाऊ दिला नाही, तो मासा कसा सोडणार?

तिने युक्ती केली. डब्यात रोज एकच चिमूट ठेवायला लागली. शेवाळ पिवळं पडलं, प्रवाळाने तोंड उघडलं. पण सासरे रिकामा डबा खुळखुळवत बसायचे आणि ताट तसंच परत यायचं. चौथा उपाशी असताना मी कसा जेवू, म्हणायचे.

नवरा म्हणाला, "बाबा हल्ली कटकट करत नाहीत. बरं झालं."

"कटकट करत नाहीत, तेच बिघडलंय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी डबा पुन्हा भरला. सासरे जेवले आणि शेवाळही जोमाने आलं. मग तिने भुवया कोरायचा एक प्लकर टाकीसाठी बाजूला काढला. एकेक पुंजका मुळासकट उपटायचा. वर वर ओढला तर दुप्पट जोराने येतो, हे गिऱ्हाइकांच्या हनुवट्यांनी तिला केव्हाच शिकवलं होतं. सासरे डबा मांडीवर घेऊन शेजारी बसत. खाऱ्या पाण्याने महिन्याला एक प्लकर गंजायचा. प्रवाळ काही झकास फुललं नाही, पण जगलं.

दुपारी दोन ते तीन पार्लरवाली टाकीतलं शेवाळ उपटत असे. खोलीतला पुरुष तिचा सासरा होता.