नसरीनच्या घरचे ‘नक्को’

नाशिकरोडहून सकाळची गाडी सुटली तेव्हा माझ्या मांडीवरच्या पिशवीत दोनच महत्त्वाच्या वस्तू होत्या: नसरीनसाठी घेतलेला चिवडा आणि मी ज्या महाविद्यालयात ग्रंथपाल आहे तिथल्या प्राचार्यांचे पत्र. महाविद्यालयाच्या येत्या मूल्यांकनाचे समन्वयकपद मी स्वीकारावे आणि तसे शुक्रवारपर्यंत कळवावे, असे त्यात लिहिले होते. हे काम मी यापूर्वी दोनदा केले आहे. दोन्ही खेपांना दोन-दोन वर्षे माझ्या संध्याकाळी ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत, फायलींच्या ढिगापाशी संपल्या. या वेळी मात्र दंतवैद्यांनी आधीच बजावले होते. “मॅडम, तुम्ही झोपेत दात खाता. दाढा झिजल्यात. एवढा राग कोणावर आहे?”

राग कोणावरच नव्हता. मला ‘नाही’ म्हणता येत नाही, एवढेच. दिवसभर न म्हटलेले ते शब्द बहुधा झोपेत दाढांखाली दळले जात असावेत. “ताण कमी करा,” ते म्हणाले. तो कसा करायचा, हे त्यांच्या शास्त्रात नव्हते. म्हणून छप्पन्नाव्या वर्षी, आयुष्यात प्रथमच, एकटीने रजा काढून मी निघाले होते. प्रवासाविषयी लिहिण्याची ही माझी पहिलीच वेळ आहे. काही चुकले तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

मनमाड मागे पडले आणि खिडकीबाहेर ज्वारीची शेते सुरू झाली. लासूरनंतर मी डावीकडची खिडकी सोडली नाही. दौलताबादचा किल्ला दिसला की उठून सामान काढायचे, ही आम्हा विद्यार्थिनींची जुनी सवय. किल्ला दिसला आणि मी खरोखरच उठून उभी राहिले. समोरचे गृहस्थ म्हणाले, “बसा हो ताई, अजून वेळ आहे.” तेहेतीस वर्षांपूर्वीही असेच कोणीतरी म्हणत असे.

नसरीन आणि मी विद्यापीठाच्या वसतिगृहात दोन वर्षे एका खोलीत राहिलो. ती भौतिकशास्त्राची, मी मराठीची. पुढे ती इथल्याच एका शाळेत शिकवू लागली आणि मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली. आदल्या दिवशी फोनवर मी तिला म्हटले होते, “स्टेशनवर येऊ नकोस गं, उगीच तुला त्रास.” आपल्याकडे असे म्हटले की माणूस हमखास येतो. मी फलाटावर वीस मिनिटे उभी राहिले. नसरीन आली नव्हती. मनातल्या मनात जराशी खट्टू होऊन मी रिक्षा शोधली.

“हर्सूलला याल का?”

“येतो की. जेलच्या अलीकडं का पलीकडं?” रिक्षावाल्याने विचारले.

“अलीकडे.”

“मंग बरं हाय,” तो म्हणाला. “पलीकडं जायाचं म्हणलं की तळं हाय. आतमंदी जायाचं म्हणलं की लई थांबावं लागतंय.”

मी हसले तेव्हा लक्षात आले की सकाळपासून जबडा घट्ट आवळून धरला होता.

नसरीनने दारातच मिठी मारली. केस पांढरे झाले आहेत, पण बोलणे तेच, धबधब्यासारखे. तिचे पती रफीकभाई यांचे औरंगपुऱ्यात वह्या-पुस्तकांचे दुकान आहे. माझ्यासाठी ते दुपारी मुद्दाम घरी आले आणि येताना जुन्या शहरातल्या भट्टीवरून नान घेऊन आले. नसरीनने खलिया (मटणाचा मसालेदार, पातळ रस्सा) केला होता. विद्यार्थिदशेत ईदला तिच्या माहेरी जाऊन आम्ही हाच खलिया ओरपत असू. पहिल्या घासाबरोबर ती सगळी दुपार परत आली: सतरंजी, पितळी परात, आणि नसरीनच्या धाकट्या बहिणींचे खिदळणे.

वाटी संपली. नसरीनने पळी पुढे केली. मी रीतीप्रमाणे म्हटले, “नको, नको, पुरे.”

पळी तिथेच थांबली. नसरीनने पातेल्यावर झाकण ठेवले आणि ते उचलून आत नेले.

माझ्या घरी पहिल्या नकोला कोणी मोजत नाही. दुसऱ्याला आग्रह होतो, तिसऱ्याला वाढून मोकळे होतात. मी त्या हिशेबाने पहिले नको म्हटले होते. हातात अर्धा नान, पोटात भूक आणि समोर रिकामी वाटी. रफीकभाईंनी माझ्याकडे पाहिले, पण काही विचारले नाही. उरलेला नान मी कांद्याबरोबर संपवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही हर्सूलच्या तलावावर फिरायला गेलो. थंडी होती, पाण्यावरून धुके उठत होते आणि काठावर दोन बगळे निश्चल उभे होते. फेरी संपता संपता मी धीर करून आदल्या दुपारची हकीकत सांगितली. नसरीन एवढ्या मोठ्याने हसली की पुढे चाललेल्या बायका वळून पाहू लागल्या.

“अगं बाई! म्हणजे तू उपाशी ऱ्हायलीस? आन् स्टेशनवर पण वाट बघत होतीस का काय?”

मी मान हलवली.

“माले, तू अजून तशीच हायेस गं.” ती बाकावर बसली आणि डोळे पुसत म्हणाली, “आमच्या घरात नियम हाय. एकदा नक्को म्हणलं की नक्को. परत विचारायचं नाय, का म्हणून तर बिलकुल नाय.”

नक्को हा दखनी बोलीतला शब्द. आपलेच ‘नको’ तिकडे जाऊन जरा ठसठशीत झालेले. नियमाची गोष्ट तिने मग सावकाश सांगितली. सहा वर्षांपूर्वी, ती मुख्याध्यापिका असताना, झेंडावंदनाच्या वेळी शाळेच्या मैदानावर चक्कर येऊन पडली. तपासण्यांत काही निघाले नाही. संस्थेची कामे, नातलगांची लग्नकार्ये, शेजाऱ्यांच्या मुलांच्या शिकवण्या, कशालाच तिने कधी ‘नाही’ म्हटले नव्हते.

“डॉक्टर म्हणाले, आराम करा. आराम कसा करतात ते मला येतच नव्हतं. मग आमचे हे म्हणाले, बाहर ‘नक्को’ नहीं बोल सकती ना, तो पहले घर में बोलने की आदत डालो. त्या दिवसापासून नियम.”

“आणि जमलं?”

“पहिले आठ दिवस सगळेच उपाशी होते!” ती पुन्हा हसली. मग गंभीर होऊन म्हणाली, “भाषाविज्ञानाची वही आठवते का तुला?”

आठवत होती. अंतिम परीक्षेच्या दोन दिवस आधी एका वर्गमैत्रिणीने माझी वही मागितली आणि मी दिली. ती परत मागण्याचा धीर मला झाला नाही. शेवटी नसरीनच तिच्या खोलीवर गेली. मी दाराआड उभी राहून ऐकत होते.

“तवा मी आणून दिली. आता उद्याच्या फोनला मी नाय बोलणार,” नसरीन म्हणाली. पत्राविषयी, आणि शुक्रवारी प्राचार्य स्वतः फोन करणार असल्याचे, मी तिला आल्याआल्याच सांगितले होते.

त्या दिवशी दुपारी आम्ही औरंगपुऱ्यात गेलो. पुस्तकांच्या दुकानांची ती गल्ली आता दुचाक्यांनी इतकी भरली आहे की माणसाला अंग चोरून चालावे लागते, पण नव्या वह्यांचा वास तसाच आहे. पुढच्या एका दुकानात मी हिमरू शाल (रेशीम आणि सूत एकत्र विणलेली इथली नक्षीदार शाल) पाहायला म्हणून गेले. वृद्ध दुकानदारांनी एकेक करत अकरा शाली उलगडल्या. एवढा पसारा केल्यावर रिकाम्या हाताने उठायचे कसे, या विचाराने मला घाम फुटला. मी एका जांभळ्या शालीकडे बोट दाखवले.

“आवडली?” नसरीनने हळूच विचारले.

“नाही.”

ती दुकानदारांकडे वळली. “चाचा, आज नक्को.”

“कोई बात नहीं बेटा,” ते म्हणाले आणि गुणगुणत शालींच्या घड्या करू लागले. ना कपाळाला आठी, ना टोमणा. मी पायरी उतरून रस्त्यावर आले तरी मागे वळून पाहत होते. साठीकडे झुकलेल्या नसरीनला बेटा म्हणून त्यांनी आम्हाला पाणीही विचारले होते.

शुक्रवार उजाडला. पाणचक्कीवर जाऊया, असे मीच सुचवले. विद्यार्थिनी असताना अभ्यासाचा कंटाळा आला की आम्ही तिथे हौदाच्या काठी बसत असू. हर्सूलच्या बाजूने मातीच्या नळांतून येणारे पाणी अजूनही उंचावरून हौदात पडते. शाळेच्या सहलींना सांगायची ती माहिती नसरीनने मलाही सांगितली: वाटेत ठिकठिकाणी उंच खांब बांधून नळांतल्या हवेला वाट करून दिलेली आहे, नाहीतर नळ फुटले असते. ती माशांना पाहत होती, मी हातातल्या फोनला.

साडेअकराला तो वाजला. नसरीन उठली आणि हौदाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली.

“मॅडम, मग नाव टाकतो तुमचं,” प्राचार्य म्हणाले. विचारणे त्यात नव्हतेच.

“सर, त्याचं असं आहे की...” मी सुरुवात केली. पुढे आईचे आजारपण, डोळ्यांचा नंबर, अशी कारणे रांगेत उभी होती. आईला जाऊन सात वर्षे झाली आहेत. मी थांबले. पाण्याचा आवाज चालू होता.

“नको सर. मी हे काम घेणार नाही.”

“का? काही अडचण?”

मी फोन कानाशी धरून हौदातले मासे मोजू लागले. सतरापर्यंत पोहोचले.

“बरं,” ते अखेर म्हणाले. “मग असं करा, दुसरं नाव तुम्हीच सुचवा. आणि पहिले सहा महिने त्यांना जरा मार्गदर्शन करा.”

माझ्या डोळ्यांपुढे लगेच दोन नावे आली. एक तर जिभेवर आले होते.

“तेही नको, सर.”

“ठीक आहे, मॅडम,” असे म्हणून त्यांनी फोन ठेवला. आवाज कोरडा होता.

मला वाटले होते की हलके वाटेल. तसे काही झाले नाही. सर दुखावले असतील, हा एकच विचार घुमत होता. नसरीन परत येऊन शेजारी बसली. काय झाले, हे तिने विचारले नाही.

“मी नाही म्हटलं,” मी सांगितले.

“वाईट वाटतंय?”

“फार.”

“वाटणारच. दोन-तीन दिवस ऱ्हातंय. जेवणखाण सोडू नको, सकाळचं चालणं सोडू नको. मंग जातं.” थोड्या वेळाने ती म्हणाली, “वही दे म्हणल्यावर ती पोरगी पण माझ्याशी आठ दिवस बोलली नव्हती. मंग बोलली.”

शनिवारी ती आणि रफीकभाई दोघेही स्टेशनवर आले, कारण या वेळी मी ‘या’ म्हटले होते. गाडी हलली तेव्हा नसरीन फलाटावरून काही पावले सोबत चालली, पूर्वी सुट्टीला घरी जाताना चालत असे तशी. तेव्हा आम्हाला वाटे की दोन आठवडे म्हणजे फार मोठा विरह. मधली तेहेतीस वर्षे मग कुठे गेली? खिडकीशी बसून मी त्याचा विचार करत राहिले. बरीचशी, वाटते, इतरांना वह्या देण्यात गेली.

सोमवारी प्राचार्य व्हरांड्यात समोरून आले, मान किंचित हलवून पुढे गेले. सर दुखावले, हा विचार पुन्हा जागा झाला, आणि दुपारच्या डब्यापर्यंत बराच विरला. साडेपाचला मी ग्रंथालयाला कुलूप लावले आणि बाहेर आले. अंगणात अजून ऊन होते. ते पायऱ्यांवरून उतरून कडुनिंबाच्या बुंध्यापर्यंत पसरले होते. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत कोणाचे ना कोणाचे काम घेऊन मी अंधार पडेपर्यंत आतच असे; या वेळेचे ऊन इथे कुठपर्यंत येते, हे मला ठाऊक नव्हते. मी पाहत उभी राहिले.

फाटकावरचे शिपाई लगबगीने जवळ आले.

“काय झालं मॅडम? बरं नाही का?”

“बरं आहे,” मी म्हटले आणि फाटकाबाहेर पडले.